उन्हाळ्यातील रुळांची काळजी हिवाळ्यातच घ्यावी लागते

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात कुठे रूळ वाकडे झाले की ‘उन्हाने रूळ वितळले’ असे मथळे वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून झळकू लागतात. जून २०२३ मध्ये लखनौजवळच्या निगोहां स्थानकातील लूप लाइनचे, म्हणजे मुख्य मार्गाला बाजूने जोडलेल्या मार्गाचे, रूळ असेच वाकडे झाले होते. गाडीला धक्के बसताच एका एक्स्प्रेसच्या लोको पायलटने वेळीच खबर दिली आणि अनर्थ टळला. पण त्याही वेळी अनेक बातम्यांत रूळ ‘वितळल्या’चेच लिहिले गेले. मी रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात, ज्याला आमच्यात ‘पी-वे’ म्हणतात त्या रूळमार्गाच्या देखभालीत, नोकरीची सगळी वर्षे काढली आणि त्यातले बहुतेक उन्हाळे विदर्भातल्या लाइनवर गेले. ही चूक मला केवळ शब्दाची वाटत नाही. रूळ वितळले म्हटले की सारा दोष सूर्याचा ठरतो आणि माणसाने करण्यासारखे काही होते, हा विचारच वाचकाच्या मनात येत नाही. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. ते आपण छापावे, अशी विनंती आहे.

पोलाद वितळायला चौदाशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती आणि राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. उघड्यावरचा रूळ आसपासच्या हवेपेक्षा वीस अंशांपर्यंत अधिक तापतो, त्यामुळे वैशाखातल्या दुपारी आमच्या भागात रुळावर ठेवलेला तापमापक साठीच्या पुढचा आकडा दाखवतो. त्यावर उघडा हात टेकवता येत नाही हे खरे, पण एवढ्या उष्णतेने पोलाद मऊ पडत नाही. ते लांबायला बघते, आणि त्याला लांबायला आपण जागा ठेवलेली नसते.

दोन रुळांच्या मध्ये फट सोडलेली असते आणि उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावून ती भरून निघते, हे आपण सर्वांनी शाळेत शिकलेले आहे. जुन्या मार्गांवर ते बरोबरच होते. १३ मीटर लांबीचा रूळ ४० अंशांनी तापला तर सुमारे सहा मिलिमीटरने वाढतो, आणि तेवढी फट प्रत्येक सांध्यात ठेवली जात असे. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना गाडीचा तो ‘खटक-खटक, खटक-खटक’ ताल आठवत असेल. तो या सांध्यांचाच आवाज होता. पण प्रत्येक चाक प्रत्येक सांध्यावर आपटत असल्यामुळे रुळांची टोके झिजत, सांधा जोडणाऱ्या फिशप्लेट नावाच्या पट्ट्यांच्या बोल्टच्या भोकांपासून तडे जात आणि सांध्याखालची खडी सारखी बसत राही. गाड्यांचा वेग आणि मालगाड्यांचे वजन वाढत गेले तसे हे सांधे धोक्याचे ठरू लागले. म्हणून आज मुख्य मार्गांवर रूळ एकमेकांना वेल्ड करून किलोमीटरच्या किलोमीटर अखंड केलेले आहेत. प्रवास शांत झाला, तडे कमी झाले, आणि त्याबरोबर ती शाळेतली फटही गेली.

मग वाढलेली लांबी जाते कुठे, असा प्रश्न सुजाण वाचकाला पडेल. मोकळा ठेवलेला एक किलोमीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर चौतीस सेंटिमीटरच्या वर वाढेल. अखंड रुळात मात्र टोकाकडचा साधारण शंभर मीटरचा भाग तेवढा थोडाफार सरकतो, आणि त्यासाठी तिथे विशेष प्रसरण सांधा बसवलेला असतो. मधला सगळा रूळ जागचा हलत नाही. स्लीपर, त्यांना रूळ जखडणाऱ्या क्लिपा आणि खडी यांनी त्याला धरून ठेवलेले असते, त्यामुळे जी वाढ लांबीत दिसायची ती दाब होऊन रुळाच्या आतच साठते. मीटरला ६० किलो वजनाचा जो रूळ आज आपल्या मुख्य मार्गांवर आहे, त्यात हा दाब दर अंशाला सुमारे १.९ टन इतका असतो.

कुठल्या अंशापासून मोजायचे, हे माणसाने ठरवलेले असते. रूळ बसवताना किंवा नंतर ठरावीक कामात रूळ कापतात, क्लिपा काढून त्याला रोलरवर मोकळा सोडतात, त्यात दाब किंवा ताण उरला नाही याची खात्री झाली की ठरलेल्या तापमानाच्या लांबीला पुन्हा वेल्ड करून जखडतात. या कामाला आम्ही ‘डिस्ट्रेसिंग’ म्हणतो आणि त्या तापमानाला तणावमुक्त तापमान म्हणता येईल. आपल्याकडे हे तापमान त्या भागातील रुळाच्या वर्षभरातील कमाल आणि किमान तापमानाच्या सरासरीपेक्षा पाच ते दहा अंशांनी वर ठेवतात. उदाहरणादाखल ते ४५ अंश धरले आणि दुपारी रूळ ६५ अंशांवर गेला, तर एकेका रुळात ३८ टनांचा आणि दोन्ही मिळून ७६ टनांचा दाब साचलेला असतो. त्या क्षणी तो मार्ग डोळ्यांना अगदी सरळ, निवांत दिसतो. या दाबाला बाजूला निसटू न देण्याचे काम अडीचशे किलोंहून जड काँक्रीट स्लीपर, त्यांच्यावरच्या क्लिपा आणि स्लीपरच्या टोकांबाहेर रचलेली खडी करत असते. सरळ मार्गावर ही बाहेरची खडी ३५० मिलिमीटर आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ५०० मिलिमीटर रुंद असावी लागते. आम्ही तिला खडीचा खांदा म्हणतो. दीड-दोन वितींचा तो खांदा ढासळला की रुळाला आडवे निसटायला वाट मिळते. मग एखाद्या क्षणी, पुष्कळदा गाडी जवळ येत असताना किंवा अंगावर असताना, सरळ मार्गाला नागमोडी वाक पडतो.

इथे एक गोष्ट वाचकांच्याही हातातली आहे. गावोगावी फाटक किंवा पूल सोडून लोक रुळांवरून आडव्या पायवाटा पाडतात. रोज शेकडो पावलांनी आणि जनावरांच्या खुरांनी स्लीपरच्या टोकांची खडी उताराला घसरत जाते. माझ्या हद्दीत बाजारपेठेला लागून अशी एक जागा होती, जिथे दर हिवाळ्यात खडी टाकून खांदा नीट केला तरी चैत्र उजाडेपर्यंत तो पुन्हा सपाट झालेला असे. तिथून ओलांडणाऱ्या माणसाला फक्त आपल्या जिवाची जोखीम दिसते. त्याच्या पायाखालून सरकलेली खडी पुढे हजारभर प्रवाशांच्या गाडीला आधार देणारी होती, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. उन्हाळ्यात वाकणाऱ्या रुळाचे मूळ बऱ्याचदा हिवाळ्यात असते. थंडीत अखंड रूळ आक्रसायला बघतो आणि त्याच्यात ताण निर्माण होतो. विदर्भ-खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रूळ चांगलाच गार पडतो. अशा वेळी एखाद्या जुन्या वेल्डमध्ये दोष असला तर रूळ तुटतो आणि तुटलेली टोके एकमेकांपासून काही सेंटिमीटर दूर जातात. गाड्या खोळंबलेल्या असतात, नियंत्रण कक्षातून दर पाच मिनिटांनी फोन येत असतो, आणि गँग त्या कडाक्याच्या थंडीत तिथे रुळाचा तुकडा बसवून वाहतूक सुरू करून देते. त्या वेळी ते काम योग्यच असते. पण त्या तुकड्याबरोबर त्या मार्गात जास्तीचे पोलाद शिरलेले असते. समजा हे जास्तीचे पोलाद दोन सेंटिमीटर आहे आणि त्याचा परिणाम २०० मीटर रुळावर पसरला. हिशेब केला तर तेवढ्या भागाचे तणावमुक्त तापमान जवळजवळ नऊ अंशांनी खाली येते. म्हणजे कागदावर ४५ अंशांना बांधलेला रूळ प्रत्यक्षात ३६ अंशांचा झालेला असतो. मे महिन्यात त्याच्यावर शेजारच्या रुळापेक्षा सोळा-सतरा टन अधिक दाब येणार असतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही.

यावरचा उपाय रेल्वेच्या नियमांत आहे आणि नीट सांगितलेला आहे. अशा प्रत्येक जागेची नोंद ठेवायची, तेवढ्या भागाचे पुन्हा डिस्ट्रेसिंग करायचे आणि जास्तीचे पोलाद कापून काढून टाकायचे. रूळ ओढून धरणारे हायड्रॉलिक यंत्र असले तर हे काम गार हवामानातही करता येते. त्यासाठी जी गोष्ट हवी असते ती म्हणजे ब्लॉक, गाड्या थांबवून मिळणारे काही सलग तास. आणि सगळे अडते ते तिथेच.

एका वर्षीची गोष्ट मी विसरलेलो नाही. माझ्या वहीत हिवाळ्यात तुकडे बसवलेल्या तीन जागा शिल्लक होत्या. फेब्रुवारीत मागितलेला ब्लॉक मालवाहतुकीच्या ओझ्यामुळे मिळाला नाही, मार्चमध्ये एका जागेपुरता मिळाला, एप्रिलमध्ये सुट्टीच्या विशेष गाड्या सुरू झाल्या. कुणा एकाला मी दोष देत नाही. ब्लॉक नाकारणाऱ्या माणसावरही गाड्या वेळेत चालवण्याचा तेवढाच दबाव होता. मे महिन्यात दुपारी अडीचच्या सुमारास उरलेल्या दोनपैकी एका जागी गस्तीवरच्या ट्रॅकमनला रूळ किंचित एका बाजूला कलल्यासारखा दिसला. त्याने खाली बसून रुळाच्या कडेवरून नजर टाकली, वाक ओळखला, तिथे लाल झेंडा रोवला आणि गाडीच्या दिशेने धावत सुटला. नियमाप्रमाणे त्याला ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन डिटोनेटर रुळावर लावायचे होते. इंजिनाच्या चाकाखाली त्यांचा मोठा आवाज झाला की लोको पायलट गाडी थांबवतो. सेहेचाळीस अंशांच्या उन्हात खडीवरून सव्वा किलोमीटर धावणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. गाडी थांबली. दुसऱ्या दिवशी कुठल्याही वर्तमानपत्रात त्याबद्दल एक ओळ आली नाही, कारण घडले काहीच नव्हते. त्या रात्री आम्ही ते काम केले, जे फेब्रुवारीत चार तासांत झाले असते.

दुरुस्तीची वेळ चुकली तर दुरुस्तीच घातक ठरते, हेही सांगायला हवे. टॅम्पिंग मशिनने स्लीपरखालची खडी नव्याने ठोकली की मार्गाची पातळी सुधारते, पण वर्षभर बसून घट्ट झालेली खडी सैल होते आणि रुळाला आडवे धरून ठेवण्याची तिची ताकद काही काळ कमी होते. गाड्यांच्या येण्या-जाण्याने ती पुन्हा बसेपर्यंत वेग कमी ठेवावा लागतो. म्हणूनच अखंड रुळावरची अशी कामे रुळाचे तापमान तणावमुक्त तापमानाच्या वर दहा अंशांपेक्षा जास्त नसतानाच करावीत आणि उन्हाळा लागण्याच्या बरेच आधी संपवावीत, असा नियम आहे. २९ जुलै २००२ रोजी अमेरिकेत शिकागोहून वॉशिंग्टनला जाणारी ‘कॅपिटॉल लिमिटेड’ ही गाडी मेरिलँड राज्यातील केन्सिंग्टन येथे रुळावरून घसरली आणि अनेक प्रवासी जखमी झाले. तपासात रूळ उन्हाने वाकल्याचे निष्पन्न झाले, आणि तो वाकण्याचे कारण त्या मार्गावर झालेले टॅम्पिंगसारखे देखभालीचे काम अपुरे होते, हे होते. ऊन त्या परिसरात सगळीकडेच सारखे पडले होते.

परदेशाचा विषय निघाला आहे तर आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात पारा ४०.३ अंशांवर गेला, तेव्हा लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून उत्तरेकडे जाणारा मुख्य मार्ग बंद ठेवण्यात आला. आपल्याकडे अनेकांना त्याचे हसू आले, कारण चाळीस अंश म्हणजे नागपूरकरांचा साधा एप्रिल. पण तिथे रूळ २७ अंशांना तणावमुक्त ठेवलेले असतात, कारण तिथल्या हवेला तेच योग्य आहे. त्या दिवशी त्यांच्या रुळांवरचा दाब आपल्या मे महिन्यातल्या दाबापेक्षा कमी नव्हता, आणि गाड्या थांबवण्याचा निर्णय शहाणपणाचा होता. आपल्याकडचा रूळही आपल्या हवामानाच्या जुन्या नोंदींवर बेतलेला आहे. ती हवा बदलत असेल तर तणावमुक्त तापमान सरळ आणखी वर न्यावे, असे कुणी सुचवील. तसे केले तर हिवाळ्यात ताण वाढतो आणि रूळ तुटण्याचे प्रसंग वाढतात. मुंबई किंवा कोकणात समुद्रामुळे थंडी-उन्हातले अंतर कमी राहते. विदर्भात पहाट गारठ्याची आणि दुपार आगीची असल्यामुळे दोन्ही बाजूंनी हात बांधलेले आहेत. म्हणून रुळांच्या तापमानाच्या नोंदी प्रत्येक विभागात नव्याने, सलग काही वर्षे घेऊन हे आकडे पुन्हा तपासणे मला आवश्यक वाटते. रुळांच्या बाजूंना पांढरा रंग देण्याचा उपाय ब्रिटनमध्ये निवडक ठिकाणी करतात आणि त्याने रूळ पाच ते दहा अंशांनी थंड राहतो, असे तिथल्या रेल्वेचे म्हणणे आहे. आपल्या धुळीत तो रंग किती दिवस पांढरा राहील याची मला शंका आहे, तरी स्थानकांत गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळते त्या आणि पुलांलगतच्या जागी तो देऊन पाहण्यासारखा आहे. उष्णतेने वरच्या विजेच्या ताराही सैलावतात आणि सिग्नलची उपकरणेही तापतात, पण तो वेगळ्या खात्याचा आणि वेगळ्या पत्राचा विषय आहे.

रूळ तणावमुक्त तापमानाच्या वर वीस अंशांनी तापला की त्या मार्गावर उन्हाळी गस्त सुरू करावी लागते. म्हणजे ज्या वेळी आपण सर्वांना घराबाहेर पडू नका असे सांगतो, नेमक्या त्याच वेळी ट्रॅकमन रुळांवर चालायला निघतो. पायाखाली तापलेली खडी, दोन्ही बाजूंना तापलेले पोलाद, सावलीला बाभळीचे एखादे झाड, तेही लाइनपासून लांब. त्याच्या पाठीवर पाणी, झेंडे, डिटोनेटर आणि अवजारे असतात. आता गस्तीवरच्या माणसांना जीपीएस यंत्रे दिलेली आहेत आणि तो कुठे पोचला हे कार्यालयात बसून कळते. ही सोय चांगली आहे. पण तो एकाच जागी बराच वेळ थांबला तर तो कामचुकारपणा करतो आहे की उष्माघाताने पडला आहे, याची विचारपूस करायला त्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाला माणूस हवा. प्रत्येक गस्तीच्या टप्प्यात किमान दोन ठिकाणी छप्पर आणि माठ असावा, दुपारच्या गस्तीला माणूस एकटा पाठवू नये आणि रिकाम्या जागा भरून हद्दी आटोक्यात आणाव्यात, या मागण्या मी नोकरीत असताना केल्या होत्या आणि आजही करतो. उन्हाने थकलेल्या माणसाच्या नजरेला रुळाचा दोन-चार मिलिमीटरचा कल दिसत नाही, आणि सुरुवातीला वाक तेवढाच असतो.

प्रवाशांना माझी विनंती आहे की दुपारच्या वेळी गाडी एखाद्या टप्प्यात तीसच्या वेगाने सरकत असेल तर कुणीतरी पुढची जागा तपासून तो निर्णय घेतलेला आहे, एवढे ध्यानात घ्यावे. वेग कमी असला की चाकांचे आडवे धक्के कमी बसतात आणि काही वाकडे आढळलेच तर गाडी वेळेत थांबू शकते. गाडीला नेहमीपेक्षा वेगळा, आडवा हिसका बसला असे वाटले तर ट्रेन मॅनेजरला, म्हणजे पूर्वीच्या गार्डला, सांगावे किंवा १३९ क्रमांकावर कळवावे. मागून येणाऱ्या गाडीसाठी ती खबर मोलाची असते.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. मे महिन्यात रूळ वाकले की आपले वार्ताहर अधिकाऱ्यांना तापमान विचारतात. तेच वार्ताहर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विभागीय कार्यालयात पाठवावेत आणि या हिवाळ्यात किती ठिकाणी रूळ तुटले, त्यांपैकी किती जागांचे डिस्ट्रेसिंग झाले, किती ब्लॉक मागितले आणि किती मिळाले, हे चार आकडे विचारून छापावेत. मेगाब्लॉकची बातमी देताना त्या ब्लॉकमध्ये कोणते काम होणार आहे, हेही सोबत लिहावे, म्हणजे रविवारची गाडी रद्द झाल्याने चिडलेल्या प्रवाशाला आपले तीन तास कुठे खर्च झाले ते कळेल. होळीनंतर रुळाचे तापमान भराभर चढू लागते आणि मग हे काम करायला रात्रीच तेवढ्या उरतात.

आपला नम्र,
रूळमार्ग देखभाल विभागातील एक निवृत्त कर्मचारी,
वर्धा